विश्लेषण : आयुष्याचा ‘नमुना नंबर सात’ कधी भरणार?

कालव्याचे पाणी हवे असेल तर मागणी लेखी करावी लागते. आयुष्यातील वेळेची आणि पैशाची वाटणी मात्र बहुतेक जण तोंडी आणि आयत्या वेळी करतात. ‘पर्सनल मिशन स्टेटमेंट’ या नावाने जगभर प्रसिद्ध झालेला एक पानी कागद इथे उपयोगी पडतो का? की ती शहरी नोकरदारांची हौस आहे? गोपाळ कृष्ण गोखले यांनी सात वर्षांच्या अंतराने लिहिलेले दोन कागद या प्रश्नाचे बरेचसे उत्तर देतात.

हा प्रश्न कोपरगावात आताच का?

नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या आणि उजव्या कालव्यावर शेती करणाऱ्याला ‘नमुना नंबर सात’ हा अर्ज समजावून सांगावा लागत नाही. हंगामापूर्वी जलसंपदा विभाग पाणी मागणीचे अर्ज मागवतो. कोणत्या पिकाला, किती क्षेत्राला पाणी हवे, हे त्यात लिहून द्यावे लागते. धरणातले पाणी मर्यादित, मागणारे अनेक, म्हणून ही पद्धत. एखादे आवर्तन कमी मिळाले तर ऊस वाचवायचा, फळबाग वाचवायची की गव्हाला शेवटचे पाणी द्यायचे, याचा निर्णय शेतकरी बांधावर उभा राहून घेतो. प्राधान्यक्रम ठरवणे म्हणतात ते हेच. तालुक्याला ते पिढ्यान्पिढ्या येते.

गेल्या काही वर्षांत मात्र निर्णय पिकांपुरते राहिलेले नाहीत. नावाने शिर्डीचे असलेले विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाले, ते कोपरगाव तालुक्यातील काकडीच्या जमिनीवर. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्याचा शिर्डीसाठीचा इंटरचेंज याच तालुक्यात, कोकमठाणजवळ आहे. अशा प्रकल्पात जमीन जाते तेव्हा त्या घरात एकरकमी मोबदला येतो आणि त्याच्यामागोमाग मागण्यांची रांग लागते. भावाचा हिस्सा, बहिणीचा वाटा की हक्कसोडपत्र, जुने कर्ज, नवी चारचाकी, बंगला, मुलाचे लग्न, मुलीचे पुण्यातले शिक्षण, कुणाची तरी ‘खात्रीची’ गुंतवणूक. यातली प्रत्येक मागणी वेगवेगळी पाहिली तर योग्यच वाटते. सगळ्या एकत्र आल्या की रक्कम पुरत नाही.

जमीन न गेलेल्या घरांतही वेगळ्या रूपात हेच चालते. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असलेल्या तरुणाला ‘आणखी एक प्रयत्न’ कुठे थांबवायचा, हे कोणी सांगत नाही. ऐन पंचविशीतला कार्यकर्ता एका निवडणुकीनंतर दुसरीच्या कामाला लागतो. आधी कारखाना, मग बाजार समिती, मग पालिका. दुकान, शाळा, दवाखाना सांभाळणाऱ्यांचा दिवस फोनवर येणाऱ्या प्रत्येक हाकेने तुटतो. पाण्याइतकाच वेळही मोजका आहे, पण त्याच्यासाठी नमुना नंबर सात नाही.

‘मिशन स्टेटमेंट’ म्हणजे नेमके काय?

आपण कशासाठी जगतो, कोणती माणसे आणि कोणती कामे आपल्याला सर्वांत महत्त्वाची आहेत आणि त्यांच्यासाठी आपण कशाला नकार देणार, हे स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहिणे म्हणजे वैयक्तिक मिशन स्टेटमेंट. मराठीत त्याला ‘ध्येयपत्र’ म्हणता येईल. अमेरिकी लेखक स्टीफन कोव्ही यांच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात सवयींवरील पुस्तकाने ही कल्पना घराघरांत नेली. त्यातील दुसरी सवय ‘शेवट डोळ्यांसमोर ठेवून सुरुवात करा’ अशी आहे. आपल्याच अंत्यविधीला जमलेल्या माणसांनी आपल्याविषयी काय बोलावे असे वाटते, याची कल्पना करा आणि तिथून मागे या, असा सराव कोव्ही देतात. त्याआधी दोन शतके बेंजामिन फ्रँकलिन १३ सद्गुणांची यादी करून रोजच्या चुका वहीत खुणांनी नोंदवत असे.

ध्येयपत्र आणि उद्दिष्टांची यादी यांत फरक आहे. ‘तीन वर्षांत घर बांधायचे’ हे उद्दिष्ट झाले. घर बांधले की ते संपते. ‘कर्ज काढून प्रतिष्ठा मिळवायची नाही’ हे ध्येयपत्रातले वाक्य आहे. ते घर बांधताना लागू पडते, लग्नात लागू पडते आणि पुढच्या वीस वर्षांतही लागू पडेल. उद्दिष्टे बदलतात, ती कोणत्या निकषावर निवडायची तो निकष सहसा बदलत नाही. ध्येयपत्रात तो निकष लिहायचा असतो.

गोखल्यांच्या १८९८ च्या कागदावर काय होते?

मराठी मुलखात या प्रकारचा सर्वांत बोलका कागद एका प्राध्यापकाने लिहिला. त्याची पार्श्वभूमी समजून घ्यायला हवी. १८९७ मध्ये गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. तिथे असताना पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची माहिती त्यांना पत्रांतून मिळाली आणि त्यांनी ती जाहीरपणे मांडली. परत आल्यावर पुरावा देता येईना. त्यांनी जाहीर माफी मागितली. सरकारने ठपका ठेवला तो वेगळाच. स्वकीयांनीही त्यांच्यावर कडाडून टीका केली. तेव्हा त्यांचे वय ३१ होते आणि सार्वजनिक आयुष्य संपल्यासारखे दिसत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी, ५ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांनी एक खासगी टिपण लिहिले. श्रीगुरू दत्तात्रेयांच्या कृपेचे स्मरण करून त्यांनी स्वतःपुरते काही संकल्प सोडले. नियमित योगसाधना करायची. इतिहास, तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि फ्रेंच भाषा यांचे चांगले ज्ञान मिळवायचे. मुंबई कायदेमंडळाचे, नंतर देशाच्या वरिष्ठ कायदेमंडळाचे आणि त्याही पुढे ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य व्हायचे आणि या सर्व ठिकाणी देशाचे हित साधायचे. शेवटी, उच्चतम तत्त्वज्ञानावर उभ्या असलेल्या धर्माचा उपदेशक होऊन तो जगाला सांगायचा.

आज वाचताना ही यादी धाडसी वाटते, काहीशी भाबडीही वाटते. तिचे झाले काय? १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. मार्च १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळातील त्यांचे अर्थसंकल्पावरील पहिले भाषण देशभर गाजले. म्हणजे अवघ्या चार वर्षांत तीनपैकी दोन सभागृहे गाठली. पार्लमेंटचे सदस्यत्व मिळाले नाही आणि ते धर्मोपदेशकही झाले नाहीत. यादीच्या हिशेबाने पाहिले तर निकाल संमिश्र आहे. पण अपमानाच्या खाईत असलेल्या माणसाला उद्या सकाळी उठून काय वाचायचे आणि कुठे पोहोचायचे हे या कागदाने सांगितले, ही त्याची खरी कमाई.

मग १९०५ चा कागद वेगळा कसा?

१९०२ मध्ये गोखले फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपयांवर २० वर्षे सेवा देण्याची शिस्त स्वीकारलेली होती. त्या शिस्तीत ते घडले होते. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. समाजात येणाऱ्या प्रत्येकाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाचा विचार सर्वांत आधी आणि आपल्यातले उत्तम ते देशासाठी. देशसेवेतून स्वतःचा कोणताही लाभ पाहायचा नाही. जात आणि पंथ यांचा भेद न करता सर्व भारतीयांना बंधू मानून काम करायचे. समाज आपल्या आणि कुटुंबाच्या चरितार्थासाठी जे देईल त्यात समाधान मानायचे, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही. वैयक्तिक आयुष्य शुद्ध ठेवायचे. कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही. समाजाच्या उद्दिष्टांना बाधक असे काही करायचे नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. १८९८ च्या टिपणात मी काय शिकेन, काय होईन, कुठे पोहोचेन हे आहे. १९०५ च्या प्रतिज्ञांत मी काय देईन आणि काय करणार नाही हे आहे. सात वर्षांत त्याच माणसाची भाषा ‘मिळवण्या’कडून ‘सोडण्या’कडे आली. पहिला कागद वाईट होता असे नाही. तिशीतल्या माणसाला महत्त्वाकांक्षा हवीच. पण रोजच्या निर्णयाला उपयोगी पडतो तो दुसरा कागद. भांडणाची वेळ आली, पैशाची संधी आली, मानाचे पद आले, की अशा कागदाला प्रश्न विचारता येतो आणि उत्तर मिळते. १९१४ मध्ये सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब गोखल्यांनी नाकारला. ज्याने लाभ न पाहण्याची प्रतिज्ञा नऊ वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती, त्याला तो नकार नव्याने शोधावा लागला नसेल.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे : ध्येयपत्र लिहायचे असेल तर ते १९०५ च्या वळणाचे लिहा. ज्या कागदात एकही स्पष्ट ‘नाही’ नाही, तो कागद शुभेच्छापत्रासारखा असतो.

प्राधान्य न ठरवल्याची किंमत काय?

याचे उदाहरण शोधायला कोपरगावकरांना गावाबाहेर जावे लागत नाही. रघुनाथराव पेशव्यांचा वाडा गावातच आहे. पराक्रमात हा माणूस कुठेही कमी नव्हता. १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोरला आणि पुढे अटकेपर्यंत पोहोचल्या त्या त्यांच्याच मोहिमेत. पण १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे गेल्यानंतर पुढची वीस वर्षे हा पराक्रम पेशवेपदाच्या दाव्याभोवती फिरत राहिला. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला. १७७५ मध्ये इंग्रजांशी सुरतचा तह झाला, त्यातून युद्ध पेटले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांचा दावा संपवला आणि त्यांना दरमहा २५ हजार रुपयांचा तनखा लावून दिला. राहण्यासाठी त्यांनी कोपरगाव निवडले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी इथेच त्यांचे निधन झाले. वय ४९.

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गेले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. दोघांना आयुष्य जवळपास सारखेच मिळाले. इतिहासाला एका कारणात बांधता येत नाही आणि अठराव्या शतकातील दरबारी राजकारण एका कागदाने सुटले असते असेही कोणी म्हणणार नाही. तरीही एक फरक नजरेत भरतो. एकाच्या आयुष्याची दिशा ‘मला डावलले’ या सलीने ठरवली. दुसऱ्यालाही सल होता, पण त्याने अपमानानंतर बसून पुढची दिशा स्वतः लिहिली. आपण प्राधान्य ठरवले नाही तर ते रिकामे राहत नाही. जुना राग, शेजाऱ्याची गाडी, नेत्याचा फोन किंवा मोबाइलचा पडदा ते ठरवून टाकतात. सामाईक बांधाच्या वादात तारखांना जाण्यात ज्या घरांची वर्षे गेली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ही चैन फक्त पोट भरलेल्यांची नाही का?

हा आक्षेप गंभीर आहे. ऊसतोड कामगाराला, रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला किंवा हप्ता थकलेल्या दुकानदाराला ‘तुमचे ध्येय लिहा’ असे सांगणे उद्दाम वाटू शकते. त्यांच्या दिवसाचा मालक दुसराच असतो. गळीत हंगामात तोडणीची चिठ्ठी आली की घरातली सगळी कामे बाजूला राहतात. कांद्याचा भाव पडला की पुढच्या वर्षीचे बेत पुसले जातात. कोणताही कागद भाव वाढवत नाही की पाणी आणत नाही. परिस्थितीचा दोष माणसाच्या ‘नियोजना’वर ढकलण्यासाठी असे कागद वापरले गेले, तर ते नाकारायलाच हवेत.

पण मोकळा वेळ आणि पैसा जितका कमी, तितकी तो वाया जाण्याची किंमत मोठी. भरपूर पाणी असलेल्याला आवर्तनाचे नियोजन नसले तरी चालते. टेलच्या शेतकऱ्याला चालत नाही. म्हणून टेलच्या माणसालाच या कागदाची गरज अधिक. फक्त त्याचा कागद स्वप्नांपासून सुरू न होता बांधिलकीपासून सुरू व्हायला हवा : आई-वडिलांचे औषधपाणी, मुलांची शाळा, फेडायचे कर्ज. ते लिहिल्यावर जे चार तास आणि जे चार पैसे उरतात, त्यांच्यावर कोणाचा हक्क आहे, हे ठरवायचे.

दुसरा आक्षेप घरातून येतो आणि तो अधिक टोचणारा आहे. एकाचे ध्येय अनेकदा दुसऱ्याच्या वेळेवर उभे असते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे कार्य सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र त्या ध्येयाची झळ संसाराला कशी लागली ते सांगते. नवऱ्याने समाजसेवेचा, राजकारणाचा किंवा व्यवसायवाढीचा संकल्प सोडायचा आणि गोठा, सासू-सासरे, मुलांचा अभ्यास बायकोने आपसूक सांभाळायचा, ही वाटणी अजून अनेक घरांत विचारल्याशिवाय होते. म्हणून ध्येयपत्र एकट्याने लिहावे, पण घरात वाचून दाखवल्याशिवाय ते पक्के करू नये. घरातल्या बाईचा स्वतंत्र कागदही त्याच टेबलावर यायला हवा. दोन कागद जुळले नाहीत तर वाद होईल. तो वाद आज चहा घेताना झालेला बरा. वीस वर्षांनी तो अबोल्याच्या रूपात येतो.

आपल्या परंपरेत याचे काही रूप होते का?

होते, आणि ते अजूनही डोळ्यांसमोर आहे. वारकरी तुळशीची माळ घालतो तेव्हा तो काही मोजके नियम स्वीकारतो : मांसाहार आणि मद्य वर्ज्य, एकादशी, पंढरीची वारी. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून केवळ रचना पाहिली तरी शिकण्यासारखे खूप आहे. नियम थोडे आहेत, निरक्षर माणसाच्याही लक्षात राहतील एवढेच. त्यांतले काही सरळ ‘नाही’ आहेत. माळ गळ्यात असल्याने ती लोकांना दिसते, त्यामुळे मोडले तर विचारणारे असतात. पंधरा दिवसांनी एकादशी आणि वर्षाने वारी येते, म्हणजे उजळणीची तारीख ठरलेली असते. कार्यालयांच्या भिंतीवर चौकटीत लावलेल्या बहुतेक ‘मिशन’ना यातले काहीच नसते, म्हणून ती धूळ खातात.

कागद प्रत्यक्षात कसा लिहावा?

पहिले काम हिशेबाचे. गेल्या महिन्याचा वेळ आणि पैसा कुठे गेला, हे आधी लिहा. पैशासाठी बँकेचे पासबुक किंवा मोबाइलवरील व्यवहारांची यादी पुरते. वेळेसाठी आठवडाभर रात्री पाच मिनिटे वही उघडली तरी चित्र समोर येते. आपली आजची खरी प्राधान्ये हीच असतात. तोंडाने आपण मुलांचे नाव घेत असू आणि संध्याकाळचे तीन तास चौकात जात असतील, तर वही खरे बोलते आहे.

दुसरे, आपल्यावर अवलंबून असलेली माणसे आणि कामे लिहा. आपण नसलो तर कोणाचे अडेल, या प्रश्नाचे उत्तर बहुधा वाटते त्यापेक्षा लहान असते.

तिसरे, चार-पाच वाक्ये लिहा. त्यांत किमान दोन नकार असू द्या. ‘मला यशस्वी आणि समाधानी व्हायचे आहे’ हे वाक्य कोणालाही लागू पडते, म्हणून कोणाच्याच कामाचे नाही. त्याऐवजी नमुना म्हणून ही वाक्ये पाहा : ‘मोबदल्याच्या ठेवीतला निम्मा भाग मुलीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोडणार नाही.’ ‘बहिणीचा वाटा तिला विचारून ठरवू, सही मागून नाही.’ ‘स्पर्धा परीक्षेचे दोनच प्रयत्न, त्यानंतर हाताला येईल ते काम.’ ‘निवडणुकीचे काम करीन, पण पेरणी आणि परीक्षेच्या दिवसांत नाही.’ ‘रविवारची सकाळ वडिलांची.’ ही वाक्ये साधी आहेत, पण उद्या फोन आला की उत्तर देतात.

चौथे, उजळणीची तारीख ठरवा. गुढीपाडवा चालेल, कारखान्याचा पट्टा पडतो तो दिवसही चालेल. त्या दिवशी कागद आणि वर्षाचा हिशेब शेजारी ठेवायचे. जुळत नसेल तर दोन शक्यता : वागणे बदलायला हवे किंवा कागद खोटा लिहिला गेला होता. गोखल्यांनीही १८९८ चा कागद जन्मभर तसाच उराशी धरला नाही.

मग याने काय साधेल?

मोबदल्याची रक्कम वाढणार नाही, दिवसाला पंचवीस तास मिळणार नाहीत. पण ‘नाही’ म्हणणे सोपे होईल. गावगाड्यात नकार देणे अवघड असते, कारण तो समोरच्या माणसाला दिलेला नकार ठरतो. पाव्हण्याला उसने पैसे नाकारले तर नाते दुखावते. ‘घरात असे ठरले आहे’ असे सांगता आले तर तोच नकार नियमाचा होतो, माणसाचा राहत नाही. सहकाराने समृद्ध झालेल्या या तालुक्याला ठरावाचे महत्त्व नवे नाही. कारखान्याचे, सोसायटीचे, पतसंस्थेचे प्रोसिडिंग बुक असते. ज्या घरासाठी हे सगळे चालते, त्या घराचा एकही ठराव कुठे लिहिलेला नसतो.

पुढच्या हंगामासाठी पाणी मागणीचे अर्ज सुटतील तेव्हा पीक आणि क्षेत्र लिहून द्यावेच लागेल. त्याच आठवड्यात वहीचे आणखी एक पान फाडून, त्यावर घरातल्या सगळ्यांसमोर पाच वाक्ये लिहायला अर्धा तासही लागत नाही.